शेजाऱ्यांकडे चौकशी केली का?

मी गेली सोळा वर्षं बाई आहे. म्हणजे रोज नाही. वर्षातून तीन दिवस, कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात, शर्टावरून पदर घेऊन. उरलेले दिवस मी पन्नाशी ओलांडलेला, पुढून विरळ होत चाललेला, प्रशिक्षण विभागात काम करणारा एक साधा पुरुष असतो. खरं सांगायचं तर ते दिवस मला जरा फिकेच वाटतात.

आमची संस्था गावोगावच्या बायकांच्या गटांना लहान कर्जं देते. आमचे क्षेत्र अधिकारी दुचाकीवरून गावं पालथी घालतात, दर आठवड्याला सभा घेतात आणि कर्ज मंजूर करण्याआधी त्या बाईच्या घरी जाऊन येतात. याला आम्ही गृहभेट म्हणतो. लग्नसराई संपून कार्यालयाचं भाडं उतरलं की याच लोकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण तिथं भरतं, आणि शेवटच्या दिवशी वरच्या जागांसाठी निवड होते. ज्यांना प्रशिक्षक व्हायचं असतं, त्यांना मोठी परीक्षा द्यावी लागते. मोठी अशासाठी, की तिच्यात मी असतो.

परीक्षा साधी असते. उमेदवारानं पंधरा मिनिटांत गृहभेट करून दाखवायची. स्टेजसमोर एक सतरंजी अंथरलेली, ती म्हणजे घर. घरात मी, म्हणजे कर्ज मागणारी मावशी. माझ्याकडे एक कार्ड असतं आणि कार्डावर माझं एक गुपित. ते उमेदवारानं बोलता बोलता काढून घ्यायचं. तरुणपणी नाटकाच्या तालमींत माझी तीन वर्षं गेली होती आणि तिथं मला भाला धरून उभं राहण्यापलीकडे काही मिळालं नव्हतं. त्या सगळ्याचा सूड मी या सतरंजीवर उगवत आलो. रडायचं तिथं रडलो, लाजायचं तिथं लाजलो, आणि माझं गुपित फार थोड्यांच्या हाती लागू दिलं.

त्या वर्षीचं कार्ड माझं मीच लिहिलं होतं आणि त्यावर मी फार खूश होतो. मावशी पिको-फॉलच्या मशीनसाठी कर्ज मागते. प्रत्यक्षात मशीन घ्यायचंच नाही, सगळा पैसा दिराच्या टेम्पोला जाणार आहे. नाव भावजयीचं, गाडी दिराची. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात अवघड दुखणं. घरातलं कुणी बोलत नाही, आणि पुढं हप्त्याच्या दिवशी मात्र ती बाई एकटी उरते.

आता माझी एक सवय सांगायला हवी. मला तालीम लागते आणि तालमीला प्रेक्षक लागतात. कार्यालयाच्या मुदपाकखान्यात चार बायका स्वयंपाकाला असायच्या. त्यांतली वयानं मोठी आचारीण सगळ्यांना धाकात ठेवायची, मला धरून. शेवटच्या दिवशी सकाळी मी चहाच्या निमित्तानं तिथं गेलो, खुंटीवरचा कुणाचा तरी टॉवेल डोक्यावर घेतला आणि उभा राहिलो.

“पावणं, आज कोन म्हनायचं तुमी?” आचारिणीनं मेथी निवडता निवडता विचारलं.

“मी व्हय? मी दिराची लाडकी भावजय,” मी मान वेळावली. “मशीन माझ्या नावावं, टेम्पो त्येच्या दारात. पर सांगायचं न्हाय हां कुनाला!”

चौघीही अशा हसल्या की एकीच्या हातातला झारा तेलात पडला. “आवं, माझ्या नणंदेची जाऊ हुबीच्या हुबी ही!” आचारीण म्हणाली. मी आणखी दोनदा करून दाखवलं. असे प्रेक्षक सोडवत नाहीत. शिवाय त्या कुणाला सांगणार होत्या?

त्या दिवशी सात उमेदवार होते. मला काळजी होती ती एकीची. जवळच्याच गडमुडशिंगीत राहणारी, चाळिशीच्या आसपासची, बारा वर्षं स्कूटीवरून क्षेत्रात हिंडलेली बाई. आदल्या दिवशी चहाच्या रांगेत ती माझ्या पुढं होती. आमच्याकडे अधिकाऱ्यानं एका भागात फार वर्षं राहू नये असा नियम आहे, ओळखी वाढतात म्हणून. तिच्या बदलीचा कागद आला होता, थेट मराठवाड्यातल्या शाखेचा.

“पोरगी बारावीला हाय, सर,” ती कपात बघत म्हणाली. “मालक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टला. ह्येंची रात्रपाळी आसली की पोरगी घरात एकटी. मी कशी जाऊ तिकडं?”

“मग?”

“प्रशिक्षकाची जागा हितं कोल्हापुरातच हाय. मिळाली तर ऱ्हायले. न्हाय मिळाली तर सोमवारी राजीनामा. लिवून पर्समधी ठेवलाय.” आणि मग एकदम हसून, “उद्या जरा सरळ वागा की, मावशी.”

“मावशीला सरळ वागता येत नाही,” मी म्हणालो. विनोद केला खरा, पण तो कागद तिच्या पर्समध्ये आहे हे त्यानंतर माझ्या डोक्यातून जाईना.

परीक्षक मॅडम मुख्यालयातून आलेल्या होत्या. काटेकोर, घड्याळ टेबलावर काढून ठेवणाऱ्या. कार्यालयात पंखा फक्त स्टेजवर होता आणि स्टेजवर फक्त नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या. त्यामुळे मॅडम नवरीच्या खुर्चीत बसून गुण देत होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यावर मी काहीही बोललो नाही, याचं श्रेय मला कुणी कधी दिलं नाही.

पहिले पाच जण मी खिशात घातले. एकानं मुद्दे आरतीच्या चालीवर म्हटले. एक टाय घातलेला तरुण मी डोळ्याला पदर लावताच स्वतःच गहिवरला आणि मी मागितलं त्यापेक्षा त्यानं जास्त कर्ज मंजूर करून टाकलं. मग ती आली.

चपला सतरंजीच्या बाहेर काढून ती बसली. “मावशी, पाणी द्या की,” म्हणाली. मी हवेतला तांब्या दिला, ती हवेतलं पाणी प्यायली. मग शिवणकामाचं सुरू झालं. कटोरी ब्लाउजला अस्तर किती? “पाऊण मीटर. अंगानं भरल्याली आसंल तर मीटर.” पिकोचा दोरा कुठनं आणता? एका साडीला वेळ किती? मी सगळी उत्तरं दिली. आठवडाभर बायकोकडून शिकून आलो होतो. तिला एकही फट सापडेना. मी आतून नाचत होतो, आणि मग तो पर्समधला कागद आठवून नाच थांबवत होतो.

पाचव्या मिनिटाला ती म्हणाली, “बरं मावशी, बसा. आलेच मी.” चपला घातल्या आणि दारातून बाहेर निघून गेली.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठे गेल्या त्या?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. एक मिनिट गेलं. दोन गेली.

“घाबरल्या असतील,” मॅडम म्हणाल्या. “होतं असं.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी पदर घेऊन सतरंजीवर एकटाच बसलेलो. माझ्या डोळ्यांपुढं सोमवार उभा राहिला.

तेवढ्यात आतून हसणं ऐकू आलं. चार बायकांचं, एकदम. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. सकाळी मीच ते मिळवलं होतं. मी पदर आणखी पुढं ओढला.

ती परतली तेव्हा मॅडमच्या घड्याळात सहा मिनिटं उलटली होती. तिच्या कोपराला मेथीचं पान चिकटलेलं. ती शांतपणे बसली, पदर सारखा केला आणि अगदी मायेनं विचारलं, “मावशी, दिराचा टेम्पो नवा घेणार का जुना?”

सोळा वर्षांत पहिल्यांदा मावशीला पदराआड धरलेलं कार्ड बघावं लागलं.

“हप्ता चुकला तर दीर येणार हाय का सभेला? गटातल्या बायका तुमच्या दारात येतील, मावशी. त्येच्या न्हाय.” तिचा आवाज खाली आला होता. आता तो परीक्षेचा आवाज नव्हता. अशा किती सतरंज्यांवर ती हे बोलली असेल कोण जाणे. “न्हाय म्हणायला भ्या वाटत आसंल तर माझं नाव सांगा. कर्जवाल्या मॅडमनी नाकारलं म्हणा. शिव्या मी खाते.”

खोटं कशाला सांगू, डोळे टिपायला पदराचा मला खरोखर उपयोग झाला.

“थांबा,” स्टेजवरून मॅडम म्हणाल्या. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“शेजाऱ्यांनी.”

“कुठले शेजारी?”

“त्या आत हायत की. हे मावशीचं घर म्हणल्यावर भिंतीपलीकडं शेजारच की. चौकशी केली.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आणि आतल्या बायकांना कार्डावरचं कसं माहीत?”

सगळं कार्यालय माझ्याकडे बघायला लागलं. परीक्षा देऊन मागं बसलेले पाच उमेदवार आणि दारात जमलेल्या चौघी, सगळ्यांत पुढं आचारीण, झारा हातात. पळवाट होती. काहीतरी बनवून सांगणं हाच तर माझा धंदा. पण तसं केलं असतं तर तिनं पेपर फोडला असा अर्थ निघाला असता.

मी उभा राहिलो, डोक्यावरचा पदर काढला आणि सांगितलं, “मी फोडलं. सकाळी तालीम केली तिथं. तीनदा.”

“चारदा,” आचारीण म्हणाली.

“मग ही परीक्षा ग्राह्य कशी धरायची?” मॅडम म्हणाल्या. रागावून नव्हे, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “उत्तर आधीच फुटलेलं होतं.”

उमेदवार बाई उठून उभी राहिली. पर्स तिनं दोन्ही हातांनी धरली होती. “मॅडम, गावात बी आसंच फुटल्यालं आसतंय,” ती म्हणाली. “बाई आपल्यापुढं बोलत न्हाय, पर कुठंतरी बोलल्याशिवाय ऱ्हात न्हाय. नळावर बोलती, गिरणीत बोलती, शेजारणीच्या चुलीपुढं बोलती. आपलं काम त्या चुलीपातूर जायाचं. ह्या सरांनी बी तेच केलं. बाई झाले, तर बाईगत वागले.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. सोळा वर्षं आम्ही त्या सतरंजीला घर म्हणत होतो. शेकडो माणसं तिच्यावर बसली आणि उठली. त्या घराला भिंतीपलीकडं माणसं आहेत हे एकालाही दिसलं नाही. मलाही नाही, आणि मी तर रोज त्यांच्याकडेच चहा पीत होतो. या बाईनं एक शब्द जास्त न बोलता, नुसत्या चपला घालून, एका सतरंजीचं गाव करून टाकलं. मी नाटकात ज्याच्या शोधात फिरलो, ते हेच होतं की काय असं मला क्षणभर वाटलं. तिला मात्र आपण काही विशेष केलं असं वाटतच नव्हतं. ती नेहमीचं काम करून आली होती.

मॅडम गुणपत्रिका वाचत होत्या. नववा मुद्दा असा होता: शेजाऱ्यांकडे चौकशी केली का? त्यापुढच्या चौकोनात शाईनं लिहिलं होतं, ‘लागू नाही’. अक्षर माझं होतं. वेळ वाचावा म्हणून दरवर्षी सगळ्या प्रतींवर मी ते आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. सभागृहात कुठले शेजारी?

त्यांनी ते दोन शब्द खोडले. मग उठल्या, नवरीच्या खुर्चीतून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “मी येते.” त्या मुदपाकखान्यात गेल्या. आम्ही सगळे उभे. उमेदवार बाईनं माझ्याकडे न बघता पुटपुटल्यागत विचारलं, “काय हुईल ओ?”

“मला काय माहीत? मी तर दिराची भावजय.”

ती हसली नाही. पर्स तशीच घट्ट धरलेली.

मॅडम परतल्या त्या हातात भजीची बशी घेऊन. “तपासून आले,” त्या म्हणाल्या. “यांनी त्यांना सरळ विचारलं नव्हतं. आधी अर्धी जुडी मेथी निवडून दिली. मग फक्त म्हणाल्या, त्या मावशींचं बरं चाललंय का.” त्या जागेवर बसल्या. “सहा मिनिटं खोलीबाहेर होत्या, त्याचे गुण मी कापणार. नियम आहे.” आणि मग माझ्याकडे वळून, “तुमच्याबद्दलही बरंच कळलं. साखर आहे ना तुम्हाला? काल जिलेबीची तिसरी प्लेट कुणी नेली?”

संध्याकाळी यादी लागली. वेळेचे गुण कापूनही तिचं नाव पहिलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं, मग बाजूला जाऊन पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, त्याचे चार तुकडे केले आणि आत जाऊन आचारिणीच्या हातात दिले. आचारिणीनं न विचारता ते शेगडीखाली सारले. मग नव्या प्रशिक्षक बाईनं मुलीला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकत होतो, पण मुदपाकखान्यात फारच गोंगाट होता.

आता नव्या लोकांचं प्रशिक्षण तीच घेते. पहिल्या दिवशी सकाळी ती त्यांना सभागृहात नेतच नाही. मुदपाकखान्यात नेऊन प्रत्येकाच्या पुढ्यात भाजीची एकेक जुडी टाकते. मावशी अजून मीच आहे. तालमीला मात्र मला बंदी आहे, दुपारपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. मी बाहेर पायरीवर चहा पितो. आतून हसण्याचा आवाज येतो, मग ती तरुण मंडळी हात पुसत एकेक करून बाहेर येतात आणि जाता जाता माझ्याकडे बघतात. फार नम्रपणे बघतात. त्यांना काय कळलेलं असतं, ते मला सतरंजीवर बसेपर्यंत कळत नाही.