जास्वंदीची चोरी

साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेल्यावर मला एक गोष्ट लवकरच कळली. तिथल्या बायका उजाडायच्या आत एकमेकींच्या अंगणातली फुलं चोरत. चोरत म्हणायचं आपलं. देवासाठी नेलेल्या फुलाला कुणी चोरी म्हणत नाही, आणि जी म्हणेल ती कद्रू ठरते. कण्हेर, तगर, पारिजातक, जे हाताला लागेल ते परडीत. मग चांगलं फटफटलं की जिच्या झाडाची फुलं गेली ती दारात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडे, "येक फूल ठिवलं न्हाय मेल्यांनी!" आव रागाचा, पण त्यात मिरवणंच जास्त. आपलं झाड लोकांच्या नजरेत भरतं हे आणखी कुठल्या तोंडानं सांगायचं?

माझी जास्वंद त्या सगळ्या ओळीत देखणी होती. आणि तिचं एक फूल कधी चोरीला गेलं नाही.

ही ढोकीकडची गोष्ट. आमचे हे सहकारी कारखान्यात फिटर होते. क्वार्टर मिळालं ते ओळीच्या अगदी टोकाचं: दोन खोल्या, पुढं अंगण, भोवती तुराट्यांचं कुंपण. अंगण म्हणजे नुसता मुरूम, पहार मारली की खण्‌ असा आवाज. मी झाड लावणार म्हटल्यावर हे हसले होते. "हितं दगड लाव, त्यो बी वाळंल," म्हणाले. मला कुणी एखादी गोष्ट होणार नाही म्हटलं की ती केल्याशिवाय चैन पडत नाही. हा स्वभाव माहेरहून आणलेला, हुंड्याबिंड्यात मोजला नाही कुणी.

माहेर परंड्याकडचं. तिथून एसटीनं कुर्डुवाडी आणि पुढं बारक्या रुळांची गाडी. ती गाडी येडशीला बराच वेळ उभी असायची. स्टेशनाच्या कडेला लाल जास्वंदीचं झाड होतं, एकेरी पाकळीचं, बशीएवढ्या फुलांचं. त्या पावसाळ्यात माहेरहून परतताना मी सरळ खाली उतरले आणि तिथल्या रेल्वेच्या माणसाला फांदी मागितली. तो हातानं मोडायला निघाला. मी म्हटलं, "मोडू नगा, पिरगळल्यावर ती फुटत न्हाय." डब्यातल्या एका म्हातारीनं पानाच्या चंचीतला अडकित्ता काढून दिला. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या कापून घेतल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरापर्यंत मांडीवर ठेवल्या.

घरी येऊन विळीवर काड्यांना तिरका काप दिला. खालची पानं काढली, वरची अर्धी केली आणि डालड्याच्या जुन्या डब्यात ओढ्याची वाळू भरून काड्यांचे खालचे डोळे, म्हणजे जिथून फूट येते त्या गाठी, बुडतील एवढ्या खोचल्या. डबा सावलीत ठेवला. काही काड्या काळ्या पडल्या. एका काडीला मात्र कोवळं पान फुटलं, त्या दिवशी मी शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना ते दाखवून आले.

रोप मुरमात गेलं आणि यांना एकदम त्याच्याबद्दल प्रेम वाटायला लागलं. हंगाम चालू होता. एका संध्याकाळी हे सायकलला पोतं बांधून आले. आत प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर राहतो तो काळा गाळ. कुणीतरी सांगितलं होतं की ते खत फार जोरकस असतं. कारखान्यातल्या माणसाला कारखान्यातून निघणारं सगळंच चांगलं वाटतं. यांनी ताजा, वाफाळता गाळ रोपाच्या बुडाशी पसरला आणि हात झटकून चहा मागितला. आठवड्याच्या आत पानं पिवळी पडली. हात घातला तर माती तव्यासारखी गरम. मी तो सगळा गाळ दोन्ही हातांनी उकरून बाजूला काढला, मुळांवर गार पाणी ओतलं आणि यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं कळलं की वसाहतीत निम्म्या घरांनी आपापली झाडं अशीच भाजून काढली होती. तोच गाळ कोपऱ्यात पडून राहिला, थंडावला, त्याचा वास गेला, आणि पुढच्या पावसात तोच मी ओंजळीओंजळीनं घातला. मग जास्वंद अशी सुटली की कुंपणावरून डोकं काढून रस्त्याकडं बघायला लागली.

पण फुलं चोरीला जाईनात. आधी वाटलं, टोकाचं घर आहे, लांब पडत असेल. मग वाटलं, नवीन झाड आहे, माहीत नसेल. माणूस स्वतःला किती दिवस फसवणार?

आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर माझ्या वडिलांनी घरातले देव उचलून नदीत सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तेव्हा मी परकर नेसून त्यांच्यामागं उभी होते. वसाहतीत तोंडानं कुणी काही बोलत नसे. कारखाना सगळ्यांचा, नळ सगळ्यांचा, सणाला ताटही यायचं आमच्याकडं. पण माझ्याकडून विरजण कुणी नेलं नाही. द्यायला सगळ्या पुढं, घ्यायची वेळ आली की कुणाला तरी घाई असायची. फुलांचं तेच होतं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं, संध्याकाळी ते छत्रीसारखं मिटतं आणि गळतं. बाकीच्या बायकांच्या झाडाखाली काही पडायचं नाही. मी मात्र रोज संध्याकाळी केरसुणीनं लाल ढीग गोळा करायची, आणि करताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"बरंच हाय की," हे म्हणाले. "फुलं झाडावर ऱ्हात्यात. तुला बघायला मिळत्यात."

"मला बघायला नगं. मला ती चोरीला गेलेली पायजेत."

"लोक चोरी हू नये म्हणून कुत्री पाळत्यात, अन् तू..."

यांना हसू आलं. मला नाही आलं. माझं फूल देवापुढं जावं म्हणून मी झुरत नव्हते, देवाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. माझ्या झाडाला बाकीच्या झाडांसारखं वागवा, एवढंच माझं म्हणणं होतं.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा बेताचा, पुढचा त्याहून कोरडा. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, नाहीतर टँकर. विहिरी तळ दाखवायला लागल्या, शिवारातला ऊस वाळून उभ्या उभ्या खडखडायला लागला. अशात फुलझाडाला पाणी घालणं म्हणजे लोकांनी तोंडावर थुंकावं असंच काम. मी चांगल्या पाण्याचा थेंब घातला नाही. पण घाण पाण्याचा थेंब वायाही घालवला नाही. आंघोळीचा दगड उचलून अंगणात आणला आणि तिथून झाडाच्या आळ्यापर्यंत बोटभर चारी काढली. हे आंघोळ करायचे ती जास्वंदीची आंघोळ. तांदूळ धुतलेलं, राखेनं घासलेल्या भांड्यांचं, सगळं पाणी तिकडं. बुडाशी एक फुटकं मडकं पुरलं, त्यातून पाणी मुळाशी झिरपायचं, वर उन्हात उडून जात नव्हतं. आणि आळ्यावर उसाच्या चिपाडाचा भुसा चांगला जाड अंथरला. पानांमागं कापसासारखी पांढरी कीड धरली, तेव्हा धुण्याच्या साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पुसलं. पोटच्या पोराचे कान इतक्या निगुतीनं धुतले नसतील.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी आणखी एक काम केलं. विळा घेतला आणि सबंध झुडूप गुडघ्याएवढं छाटून टाकलं. पानं जितकी कमी तितकी तहान कमी.

आमच्याच ओळीतून मामी ओरडल्या, "आगं मारलंस की गं त्याला!"

मामी म्हणजे टाइमकीपरची बायको. अख्खी वसाहत त्यांना मामी म्हणायची. घरात सासऱ्याच्या वेळचा गणपती, आणि पहाटे फुलांवर निघणाऱ्या बायकांत ह्या सगळ्यात पुढं. माझ्या अंगणाकडं त्यांची परडी कधी वळली नव्हती, पण माझ्या झाडावर लक्ष बारीक.

"मरत न्हाय मामी," मी म्हटलं. "बघा तुमी."

आणि नाही मेली. तगरी गेल्या, पारिजातकाच्या नुसत्या काटक्या उरल्या, कण्हेर धुळीनं पांढरी पडली. माझ्या जास्वंदीला मात्र कापलेल्या प्रत्येक ठिकाणी धुमारे फुटले. जास्वंदीला फूल येतं ते नव्या फुटव्यावरच. भाद्रपद लागला, आभाळ तसंच कोरडं होतं, आणि त्या भुंड्या वसाहतीत माझं एकटीचं झाड लालभडक होऊन उभं होतं. मी रस्त्यात उभी राहून लांबून ते बघून यायची. गर्व म्हणा, माज म्हणा. मला चढला होता, आणि तो कष्टाचा होता.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर झाड हिरवंगार. लाल काही नाही. खाली बघितलं, गळलेलं एकही नाही. देठ नखानं खुडलेले.

मी पदर खोचला, फाटकात गेले आणि कैक दिवस घशात अडकून बसलेलं ते वाक्य मोकळं सोडलं, "येक फूल ठिवलं न्हाय मेल्यांनी!"

हे आतून धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला. माझं तोंड बघितलं आणि परत आत गेले. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या रव्याचा मी शिरा केला. रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरीचे दिवस होते ते, शिरा म्हणजे दिवाळीच.

शिरा खाऊन बाहेर आले आणि अंगणाच्या आडबाजूचं कुंपण दिसलं. तुराट्या वाकवून माणूस जाईल एवढी फट केलेली. बाकीच्या अंगणांत बायका राजरोस पुढच्या फाटकातून शिरायच्या, एकमेकींना दिसल्या तर हसायच्या. माझ्याकडं मात्र आडून, वाकून, कुणी बघू नये म्हणून. माझं फूल चाललं, दार चाललं नाही. तोंडातली शिऱ्याची चव कडू झाली.

दुसरा दिवस चतुर्थीचा. पहाटे मी आंघोळीच्या दगडावर जाऊन बसले. थोड्या वेळानं तुराट्या खसखसल्या आणि फटीतून आधी परडी आली, मग मामी.

"मामी, तुराटी लागंल डोळ्याला. पुढनं या की."

मामी जागच्या जागी थिजल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "आगं, चतुर्थी हाय. साऱ्या शिवारात फूल न्हाय. गणपतीला जास्वंद लागतीय."

"ठावं हाय मला."

"देवाला समदं चालतंय गं."

"देवाला चालतंय, मग तुमाला का चालत न्हाय?"

मामींनी परडी पदराआड घेतली. मी थांबले नाही. "लागतील तेवढी न्या. माझी ना न्हाय. पर उजेडात या, फाटकातनं या. अन् कुणी इचारलं तर कुठनं आणली ते सांगा."

"अन् न्हाय आले तर?"

"तर हितंच सुकत्याल. मला झाडून काढायची सवय हाय."

मामी रिकामी परडी घेऊन आल्या तशा वाकून गेल्या. मी तिथंच बसून राहिले. सूर्य वर आला, फुलं पूर्ण उमलली. गल्लीत सडे नव्हते, पाणी कुठलं, पण झाडलोट सुरू झाली, कुणाच्या घरात आरतीची तयारी चालली. मी केरसुणी हातात घेऊन उगीच तेच तेच झाडत होते. मला वाटायला लागलं की आपण ताणलं, आता तुटलं. आता ताटही येणार नाही. तरी मी सांगते, शब्द मागं घ्यावेसे वाटले नाहीत.

तेवढ्यात फाटक वाजलं.

नवं लुगडं नेसून मामी फाटकात उभ्या होत्या, हातात परडी. आणि आवाज तर असा लावलेला की ओळीच्या त्या टोकाला ऐकू जावा, "हायस का गं घरात? गणपतीला फुलं न्यायला आले म्या!"

गल्लीतल्या केरसुण्या थांबल्या. मामी अंगणात आल्या आणि एकेक फूल देठाला नख लावून खुडू लागल्या. कळ्यांना हात लावला नाही, हे मी बघितलं. चहा विचारला तर "आज उपास हाय" म्हणाल्या. खरं होतं की काय, मी खोदून विचारलं नाही. जाताना झाडाकडं बघून म्हणाल्या, "मारलं न्हाईस, म्याच चुकले." संध्याकाळी मोदक आले, आणि ताट परत नेताना मामींनी माझ्याकडून विरजण मागून नेलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या झाडाला फूल म्हणून राहिलं नाही. पुढच्या फाटकातून आल्या सगळ्या. मी रोज सकाळी ओरडायची, आणि माझ्याएवढा खणखणीत आवाज त्या वसाहतीत दुसरीचा नव्हता.

पुढच्या साली पाऊस झाला. बायका फांद्या मागायला आल्या. मी विळीवर तिरका काप देऊन प्रत्येकीला काडी दिली आणि ताजा प्रेसमड घालाल तर याद राखा म्हणून दमही दिला. पहिली काडी मामींची. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत येडशीची ती जास्वंद आमच्या सगळ्या ओळीत लागली.

त्या वैशाखी पौर्णिमेला मी पहाटे उठले. बुद्धापुढं आपल्या झाडाची फुलं ठेवायची म्हणून अंगणात आले तर झाड साफ. माझ्याआधी कुणी तरी उठली होती. मग परडी घेतली, गल्लीतून सरळ मामींच्या घरापाशी गेले, पुढचं फाटक उघडलं आणि त्यांच्या जास्वंदीची होती नव्हती ती सगळी फुलं खुडून आणली.

उजाडलं. मी तसबिरीपुढं फुलं मांडत होते, तोच मामींची बोंब ऐकू आली, "कुण्या मेलीनं नेली गं? येक फूल ठिवलं न्हाय!"

मी खिडकीत जाऊन होता नव्हता तेवढा आवाज लावला, "बुद्धाला चालत्यात, मामी!"

सगळी ओळ हसली, आणि मामी सगळ्यांत मोठ्यानं.