लाल, आंबट, बाटलीतलं

बाबांना झटका आला तेव्हा हातपाय थोडक्यात बचावले, पण शब्द गेले. त्यातही नेमकी नावं गेली. बाबा जन्मभर रत्नागिरीच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. देवरूख, हेदवी, अलोरे, मधल्या थांब्यांसकट एका दमात. तोच माणूस आता चमच्याकडे बघून ‘ते... ढवळायचं’ म्हणायचा. मी पुण्याच्या नोकरीचं काम घरून करायची परवानगी काढून इथे येऊन राहिले. बाबांनी मला ओळखलं, हात घट्ट धरला, पण माझं नाव काही तोंडून येईना. आई म्हणाली, “येईल गो, धीर धर.” धीर हा माझा प्रांत नाही.

माझं काम प्रोग्रामिंगचं. दिवसभर लिहिते त्यातलं निम्मं एवढंच असतं: यादीत पुष्कळ वस्तू आहेत, प्रत्येकीला रंग, प्रकार, जागा असले गुणधर्म आहेत, त्यावरून हवी ती वस्तू शोधून दे. ‘रंग लाल असलेली दे’ म्हटलं की संगणक पहिल्यापासून बघत जातो, पहिली लाल दिसली की ती हातात देतो आणि थांबतो. पुढे आणखी लाल असल्या तरी त्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

एका दुपारी जेवताना बाबा म्हणाले, “ते... लाल. आंबट. बाटलीतलं.” हे तर सोपं, असं म्हणत मी पेलाभर कोकमसरबत करून समोर ठेवलं. बाबांनी मान हलवली. “अहो, हेच तर म्हणालात ना? लाल, आंबट, बाटलीतलं.” माझा आवाज चढला. त्यांनी पेला बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्या आजाराचा.

आई स्वयंपाकघरातून आली. “अहो, गोड की खारट?”

“खा...रट.”

“भातावर घ्यायचं?”

बाबांची मान जोरात हलली. आईने आगळाची, म्हणजे खारवलेल्या कोकमरसाची, बाटली काढली, नारळाचं दूध होतंच. मिठाचं पथ्य म्हणून सोलकढी वाटीत अगदी थोडी घातली. “पहिलं हाताला लागलं ते पुढे केलंस,” ती मला म्हणाली. “आपल्या घरात लाल नि आंबट काय एकच आहे होय?”

मग मीही विचारायला शिकले. कधी जमायचं, कधी मी तणतणत उठायचे. एकदा ‘भिंतीवरचं, पळतं’ म्हणाले म्हणून मी घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं, पाल होती. तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पण माझं नाव येत नव्हतं. धाकट्या बहिणीचं आलं, फोनवर तिचा आवाज ऐकून फाडकन आलं. मी “वा, बाबा” म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलंच.

गेल्या आठवड्यात मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते, कोणावर तरी कावलेच होते. खालून बाबांचा आवाज आला. “ती... ती कुठाय?”

“कोण ती? धाकटी?” आईने विचारलं.

“नाय. ती...” मग म्हणाले, “चिडते ती.”

आईने पुढचं काही न विचारता जिन्याशी येऊन मला हाक मारली.

मीटिंग तशीच सोडून मी जिन्यात बसले आणि रडले. माझ्या एवढ्या गोष्टी त्यांच्या मनात असतील, त्यातली हीच तेवढी हाताला लागावी? पण ती दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती. आणि त्यांना त्या वेळी मीच हवी होते. डोळे पुसून खाली गेले.

“कोण चिडतं?” मी दारातूनच खेकसले.

बाबांनी बोट माझ्याकडे केलं, आणि मी शेजारी जाऊन बसेपर्यंत ते खाली घेतलं नाही.