भिंगरीबाईंनी मिटलेलं पुस्तक

बाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं नाही. शिकवताना फेऱ्या, जेवताना उठबस, आणि नाइलाजानं खुर्चीत टेकल्याच तर डावा पाय सारखा हलायचा. करमाडच्या शाळेतली पोरं त्यांना भिंगरीबाई म्हणायची. मी त्यांच्या हाताखालची नवी मास्तरीण. मला नुसतं बघूनच दम लागायचा.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला फार वर्षं झाली नव्हती. बाईंचं स्वतःचं शिक्षण उर्दूतलं. गोष्टीचं मराठी पुस्तक लहानपणी हाती आलंच नव्हतं. त्यामुळे आम्ही शाळेसाठी पुस्तकं घ्यायला औरंगाबादला गेलो की दुकानदाराला वाटे, बाई मिळेल ते उचलतील. "आम्ही उपाशी राहिलो म्हणून पोरांना शिळं वाढायचं व्हय?" असं म्हणत बाई निम्मा गठ्ठा परत सरकवायच्या.

त्यांची परीक्षा सोपी होती. नवं पुस्तक पोरांना वाचून दाखवायचं आणि ऐन मध्यावर मिटायचं. "पुढं काय झालं?" असं एकानंही विचारलं नाही तर पुस्तक नापास. मग ते कितीही संस्कारी असो.

मीही मुलांसाठी एका पोरीची गोष्ट लिहिली आणि मोठ्या आशेनं वही बाईंच्या हातात दिली. त्यांनी वर्गात वाचली, मध्यावर मिटली. पोरं पाण्याच्या माठाकडे पळाली. मी रडकुंडीला आले.

"बोधाचं पोतं लई जड झालंय गं," बाई म्हणाल्या. "त्या पोरीला जरा चुकू दे, पडू दे. तू तर तिचं बोटच सोडत नाय."

मी ती गोष्ट लिहिली, फाडली, पुन्हा लिहिली. बाईंची चुळबुळ जणू मलाच लागली. गोष्ट मनासारखी उतरेपर्यंत बाई रिटायर होऊन अंथरुणाला खिळल्या होत्या. चादरीखाली पाय मात्र तसाच हलत होता.

उशाशी बसून मी वाचू लागले. मध्यावर आले आणि धीर करून वही मिटली. बाईंचे डोळे मिटलेले. पायाकडे बघितलं, तो थांबलेला. त्यांच्या नाकाशी हात नेणार तोच, डोळे न उघडता त्या चिडून म्हणाल्या, "मिटलंस कशाला? पोरगी विहिरीवर एकटीच हाय ना अजून."

पुस्तक छापून आलं तेव्हा बाई नव्हत्या. पण त्या दुपारी गोष्ट संपेपर्यंत त्यांचा पाय एकदाही हलला नाही, एवढं मला पुरे आहे.