प्राजूची राहिलेली लस

“आमची पोरगी काय वाया गेलीय का, हां?” मोशीतल्या त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मूठ आपटून मी ओरडत होतो. भाची प्राजू, वय वर्षं चौदा, तापासाठी आणलेली, स्टुलावर मान खाली घालून बसलेली. आणि तिची आई, माझी धाकटी बहीण सुमन, पदराचं टोक चावत दाराकडं बघत होती. बाई एवढंच म्हणाल्या होत्या, की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पुढं होऊ नये म्हणून मुलींसाठी लस आलीय, याच वयात दिलेली बरी, ताप उतरला की घेऊन या. त्याचा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे त्यांनी सुमनला अगदी हळू सांगितलं. पण माझे कान असे, की कंपनीत पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या खडखडाटात टाचणी पडली तरी मला ऐकू यावी! दाजी गेल्यापासून त्या घरात माझाच शब्द शेवटचा. उठवलं दोघींना आणि निघालो.

रिक्षात प्राजू म्हणाली, “मामा, तू कंपनीत कोऱ्या पार्टला गंज धरू नये म्हणून तेल लावतोस ना? तेव्हा गंज आलेला असतो का?” मी चाकणला डिस्पॅचमध्ये. चकचकीत पार्ट घ्यायचा, तेलात बुडवायचा, पिशवीत घालायचा, अख्खी हयात त्यातच गेली. मला उत्तर सुचलं नाही की थाप सुचते. म्हणालो, राजगुरुनगरच्या एका पोरीला ही सुई टोचली, तर आठवड्यात दाढी आली तिला, बाप-लेक एकाच न्हाव्याकडं जातात! प्राजू हसली. माझ्या थापांना ती लहानपणापासून हसायची. इंद्रायणीत मगर धरून मी अर्धं तिकीट काढून ती आळंदीच्या बसमध्ये बसवून दिली, ही तिची सगळ्यात आवडती.

पुढं ती दाढी आमच्या गल्लीत वाढत गेली. बारशात, हळदीत, डबा खाताना, मी सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. सांगायच्या तिसऱ्या खेपेला दवाखान्यात मी एकटा पाच डॉक्टरांना भिडलो होतो. गल्लीतल्या आया डोळे पुसत हसल्या आणि त्यांतल्या एकीनंही आपल्या पोरीला त्या लसीसाठी नेलं नाही. मला वाटायचं, काय रंगवतो राव आपण!

प्राजू डिप्लोमा झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन रहाटणीला गेली. अठ्ठाविसाव्या वर्षी तिला पाळी नसतानाही रक्त जायला लागलं. सात महिने तिनं कुणाला सांगितलं नाही... सांगितलं तेव्हा तोच कॅन्सर सगळ्या पोटात पसरला होता. वॉर्डात मी तिला म्हणालो, “अगं बाई, आधी का नाही बोललीस?” तर म्हणाली, “कुणाला सांगू? असल्या जागेचं नाव काढलं की काय होतं, ते मी स्टुलावर बसून बघितलं होतं ना, मामा.” रागानं नाही हो. भाजीला काय आणू विचारावं तशी. मग म्हणाली, मगरीचं सांग. मी सुरू केलं... मगर बस स्टॉपपर्यंत आणली आणि पुढं मला काही सुचेना. हयातीत पहिल्यांदा. ती तोवर झोपली होती.

तिला जाऊन सहा आठवडे झाले. सुमन माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, फक्त माझ्याकडं बघत नाही. परवा मी त्याच दवाखान्यात गेलो. बाईंचे केस पांढरे झालेत. त्यांनी मला ओळखलं नाही. मीच सगळं सांगितलं, या खेपेला एकच डॉक्टर, एकच मामा, दाढी नाही. आणि मग लाज सोडून म्हणालो, “पण मॅडम, ज्याच्या नशिबात असतं त्याला होतंच, नाही का? तेव्हा लस दिली असती तरी झालंच असतं की...”

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बहुतेक नसतं झालं,” त्या म्हणाल्या.