सुदामदादाचा खर्ज

सेलू स्टेशनवरचा पोर्टर सायकलवरून थेट आमच्या शाळेत आला, तेव्हा मी नववीला इंग्रजीचं व्याकरण शिकवत होतो. पूर्ण्याहून रेल्वेच्या फोनवर निरोप आला होता... लोकोशेडमधले फिटर सुदामराव गेले. ड्यूटीवरून घरी आले, पाणी मागितलं आणि तांब्या हातात यायच्या आधीच मान टाकली. मी खडू खाली ठेवला आणि वर्गाला एवढंच म्हणालो, "माझा भाऊ गेला." चुलत हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. त्याला आता पाच आठवडे होतील. या दिवसांत जो भेटला तो हळहळला, 'बिचारा सुदाम' म्हणाला. मला ते पटत नाही. सुदामदादा बिचारा नव्हता. तो जिंकून गेलेला माणूस होता, आणि तेच सांगायला हे लिहितो आहे.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. परभणीहून बी.ए.चा निकाल घेऊन गावी आलो, तेव्हा दादानं मला खांद्यावर घेऊन वस्तीभर फिरवलं होतं. तो स्वतः सातवी. पण पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीत एका रिटायर होणाऱ्या गार्डानं त्याला आपलं बेस, म्हणजे खर्जाचं, गिटार दिलं, वाजवायलाही शिकवलं, आणि त्या चार जाड तारांनी दादाला कायमचं धरलं. सुट्टी मिळाली की तो गिटार पाठीला बांधून मानवतजवळच्या आमच्या गावी यायचा. गावात आमची गायन पार्टी होती. नामांतराची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या सभा, परवा कुणाचं लग्न. पार्टीला उसंत नव्हती. पार्टीचे प्रमुख शाहीर लिंबाजीकाका. त्यांचा आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी फाट्यावर उभ्या माणसाला शब्द न् शब्द कळावा. दादाची गोष्ट उलटी होती. त्याचं गिटार गाणाऱ्यांच्याच भोंग्याला जोडलेलं असायचं, आणि भोंग्यातून खर्ज काही बाहेर यायचा नाही. आला तरी डबड्यात चिंचोके हलवल्यासारखा. लोक म्हणायचे, सुदाम नुसताच उभा राहतो, पण दिसतो झकास.

एकदा पार्टीनं वर्गणी करून दोन नवे भोंगे घ्यायचं ठरवलं. दादा अडून बसला. भोंगे नकोत, बेसचं मशीन घ्या, म्हणाला. मशीन आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेलं, एकट्या माणसाला एसटीच्या टपावर चढवता येईल असं. बरीच वादावादी झाली. शेवटी लिंबाजीकाकांनी सगळ्यांसमोर तोडून सांगितलं.

"घे तुझं खोकं. पण येत्या जयंतीला मागच्या रांगंतल्या बाईला तुझं वाजणं ऐकू आलं पायजे. न्हाई आलं, तर ते गिटार खुंटीला टांगायचं अन् तू झांजा घ्यायच्या."

दादा हसला नाही. त्यानं मान हलवली आणि मला म्हणाला, "बी.ए., रजा काढ. हैदराबादला जायचंय."

मी बरोबर हवा होतो तो मशीनवरचं इंग्रजी वाचायला. दुकानात दोन खोकी समोर आली. एक उंच, चकचकीत, चार छोट्या स्पीकरचं, बटणांनी भरलेलं. दुसरं बुटकं, काळं, पंधरा इंची एकच स्पीकर आणि तीन बटणं. मी माहितीपत्रक वाचलं, वॉट मोजले आणि मोठ्या रुबाबात उंच खोक्याच्या बाजूनं निकाल दिला. दादानं ऐकून घेतलं. मग त्यानं दुकानातल्या एका माणसाला ढोलक घ्यायला लावला आणि सांगितलं, बडवा, दया करू नका. ढोलक सुरू झाल्यावर त्यानं दोन्ही खोक्यांवर तीच एक तार छेडली. उंच खोक्याचा सूर ढोलकात बुडाला. बुटक्या खोक्याचा मात्र ढोलकाच्या खालून सरपटत येऊन पायाला लागला. म्हातारे दुकानदार माझ्याकडं बघून म्हणाले, "बेस कान से नक्को सुनो मियाँ, पाँव से सुनो." माझी पदवी त्या दिवशी एका ढोलकापुढं गप्प बसली. बुटकं खोकं घेऊन आम्ही गाडीत बसलो. दादा पूर्ण्यापर्यंत त्याच्यावर हात ठेवून होता.

गावातल्या समाजमंदिरात, जिथं आमची तालीम चालायची, तिथं खोकं लागलं. सगळी वस्ती गोळा झाली. दादानं सगळ्यात जाड तार छेडली, आणि... खर्र्र. फाटक्या कागदासारखा आवाज. पुन्हा छेडली, पुन्हा खर्र. जो तो खोक्याला कान लावून बघू लागला आणि जो तो म्हणू लागला, स्पीकर फाटलाय. लिंबाजीकाका उठले, कोपऱ्यातल्या झांजा आणल्या आणि दादाच्या मांडीवर ठेवल्या. ते बघवेना, म्हणून मी रागारागानं दुकानदाराला पत्र लिहायला बसलो. आयुष्यातलं पहिलं इंग्रजी तक्रारपत्र. काय एकेक शब्द वापरले होते. आज आठवलं की त्या म्हाताऱ्याची माफी मागावीशी वाटते.

पत्र पुरं व्हायच्या आत दादा उठला. त्यानं झांजा बाजूला ठेवल्या, खोकं एकट्यानं उचललं, वायर लांबवली आणि मागच्या मोकळ्या खळ्यात नेऊन ठेवलं. गिटार माझ्या गळ्यात अडकवलं. एकच तार दाखवली. "हीच छेडीत ऱ्हा," म्हणाला आणि चालू लागला. मी छेडत राहिलो. खळं ओलांडून, बांध ओलांडून तो पार रस्त्याला लागला. इकडं माझ्या पायाखाली सूर घुमत होता... स्वच्छ, गोल, कुठं खरखर नाही. तिकडून दादा पळत आला. धाप लागलेली, आणि हसू काही आवरेना.

"आरं बी.ए., खोकं न्हाई फाटलं. छप्पर वाजायलंय!"

खरंच तसं होतं. दगड ठेवून दाबलेले सैल पत्रे खर्जानं थरथरत होते. हैदराबादच्या दुकानाला स्लॅब होता, आणि त्याआधी आमच्या छपराखाली खरा खर्ज कधी वाजलाच नव्हता, मग कळणार कसं? चौघं जण वर चढले, मातीची पोती रचली आणि पत्रे गप्प झाले. माझं पत्र फाडून दादानं चुलीत टाकलं.

जयंतीला संध्याकाळी मैदान भरलं. लिंबाजीकाकांनी पहिलं गाणं उचललं, दादानं खालून सूर धरला, आणि पुढं बसलेली पोरं एकदम जमिनीकडं बघायला लागली. मागच्या रांगेत माझी आई होती. ती नंतर म्हणाली, "काय वाजत होतं मला सांगता यायचं न्हाई, पण बसल्या जागी ताठ झाले." काकांनी दुसऱ्या कडव्याआधी गाणं थांबवलं आणि एक आवर्तनभर नुसतं गिटार वाजू दिलं. शाबासकी मात्र दिली नाही. त्यांच्या स्वभावात ती नव्हती. झांजांचा विषय पुन्हा निघाला नाही, एवढंच. पुढं दहा वर्षं ते खोकं एसटीच्या टपावरून देवगाव फाट्यापर्यंत आणि कुठं कुठं गेलं. यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नावाची बातमी आली, त्या दिवशी दादानं बोटं सोलवटेपर्यंत वाजवलं. वस्तीतला एकही माणूस घरात बसला नव्हता.

परवा गावी दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दादाची मुलगी वैशाली त्याच्याकडंच बेस शिकलेली. ती आईजवळ बायकांत बसली होती. पार्टी मांडी घालून तयार होती. बेसशिवायच गायचं, असं सगळे धरून चालले होते. लिंबाजीकाका आता पंचाहत्तरीचे. त्यांनी माईक हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"वैशाली, ऊठ माय. सुदामचा सूर खाली असल्याबिगर मला गाता येत न्हाई. लय वर्षं झाली... त्याला कधी बोललो न्हाई."

ती उठली, डोळे पुसले, गिटार गळ्यात घातलं. खोक्याचा लाल दिवा लागला. तरी काका गायला उभे राहीनात. प्रत्येक कार्यक्रमाआधी दादा दुसऱ्या कुणाला तरी तार छेडायला लावायचा आणि स्वतः शेवटच्या रांगेमागं जाऊन उभा राहायचा. तिथून त्याचा हात वर झाल्याशिवाय गाणं सुरू होत नसे. आता तिथं कोण जाणार, म्हणून आम्ही एकमेकांकडं बघत होतो. काकांनी काठी घेतली. बसलेल्या माणसांमधून वाट काढत, एकेका बाईला 'सरक माय' म्हणत ते पार मागं गेले, बाभळीच्या पलीकडं. वैशालीनं जाड तार छेडली. काका मान खाली घालून पायाशी बघत राहिले... आणि मग त्यांनी काठी उंच केली.