बंद करणारे दादा

रिकाम्या खोलीत शिरण्याआधी दादा दोन बोटांनी दार वाजवायचे. "आहे का कोणी?" उत्तर येत नाही याची खात्री झाली की मगच आत. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंग रूमना काचेच्या भिंती आहेत. आत कोणी नाही हे लिफ्टमधून उतरतानाच दिसतं. तरी दार वाजणारच. तुमच्याही ऑफिसात असा एक नमुना असेल. नसेल, तर तो तुम्हीच आहात.

बँकेच्या जुन्या, नकोशा झालेल्या सिस्टीम्स बंद करणं हे दादांचं काम. आधी सगळ्यांना मेल: ही कोणी वापरतं का? मग दोन आठवडे वाट बघायची. मग एक दिवस ती बंद ठेवून कोणी ओरडतंय का ते बघायचं. एकदा रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातली एक चिनी बाई ओरडली. दर सोमवारी ती त्या सिस्टीममधून एक पान छापून फाइलला लावायची. ते पान पुढे कोणीही वाचत नव्हतं. तेवढ्या एका पानासाठी दादांनी अख्खी सिस्टीम ती बाई रिटायर होईपर्यंत चालू ठेवली. मॅनेजर भडकला. दादा म्हणाले, "ती वापरते ना? मग झालं."

असं करत करत एकच सिस्टीम उरली. ती बंद झाली की दादांची जागा बंद, जागा गेली की नोकरीपुरता मिळालेला एम्प्लॉयमेंट पास गेला, आणि पास गेला की महिन्याभरात पुण्याला परत. त्यांची मुलगी ओ-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षाला, परीक्षा आठ महिन्यांवर, आणि तिचा पास बापाच्या पासला बांधलेला. बावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळते का, हे त्यांनी बघून झालं होतं. मिळत नव्हती.

अशा वेळी शहाणा माणूस देवाला जातो. दादांनी रजा टाकली आणि ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं रेल्वेचं एक ओसाड गाव बघायला निघाले. वहिनींनी यायला साफ नकार दिला. पडक्या भिंतींसाठी विमानात बसणार नाही म्हणाल्या. माझ्या बायकोने मला पिटाळलं. "त्यांना आत्ता एकटं सोडू नकोस," एवढंच बोलली.

अ‍ॅडलेडला उतरून आम्ही दिवसभर गाडी हाणली. गाव म्हणजे काय, तर तांबडी माती, पाण्याची गंजलेली टाकी, छप्पर नसलेलं हॉटेल आणि एक फलाट. रूळ उखडून नेलेले. रेल्वेने मार्ग बदलला आणि गाव उठलं. माश्या मात्र कुठेही गेलेल्या नव्हत्या. दादा दार नसलेल्या प्रत्येक चौकटीवर टकटक करत होते. मी वैतागून म्हटलं, अहो, साठ-सत्तर वर्षांत इथे कोणी राहिलेलं नाही. ते म्हणाले, "विचारायला काय जातं?"

गावाच्या कडेला, कॅरव्हॅनमध्ये, या पडझडीची देखभाल करणारे एक आजोबा राहत होते. त्यांनी शेवटच्या स्टेशनमास्तरची गोष्ट सांगितली. गाड्या थांबल्या, पण वरून याला काही कळवायचंच राहून गेलं. तर हा गडी सहा महिने रोज सकाळी गणवेश घालून फलाटावर यायचा, रजिस्टरमध्ये 'आज गाडी नाही' असं लिहायचा आणि सही करून घरी जायचा.

मला तर गुपितच सापडलं. परतीच्या वाटेवर गाडीत म्हटलं, बघा, सहा महिने! तुम्हाला आठच हवेत. कोणाला तरी वापरू द्या तुमची ती सिस्टीम.

दादा म्हणाले, "त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला सांगितलंय."

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला: ही कोणी वापरतं का? मी ताबडतोब उत्तर ठोकलं: होय, मी वापरतो, रोज. वर तीन कारणं लिहिली. वीस मिनिटांत दादा माझ्या टेबलापाशी, हातात कागद.

"तुझं शेवटचं लॉगिन चार वर्षांपूर्वीचं आहे."

मी म्हटलं, आता करतो. मुलीची परीक्षा होईपर्यंत रोज करतो, सुट्टीच्या दिवशीही करतो. त्यांनी कागदाची चार वेळा घडी घातली. "कारणं मात्र चांगली लिहिलीस," म्हणाले, आणि गेले. त्याच महिन्यात सिस्टीम बंद झाली. कोणी ओरडलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन चरफडत होतो. बायको भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी आपल्याकडे राहील." आम्ही दोघंही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी आहोत. तिला विद्यार्थ्याचा पास काढायचा तर इथे कोणीतरी पालक लागतो, तो मी होणार. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी खोटं लॉगिन करत बसणार होतो.

हो म्हणायला दादांना चार दिवस लागले. मग एका रविवारी ते पासिर रिसला आमच्या घरी मुलीची बॅग, पुस्तकं आणि टेबललॅम्प घेऊन आले. लॅम्प लागतो का, ते स्वतः दोनदा लावून बघितलं.

विमानतळावर वहिनी रडल्या. मुलगी म्हणाली, "ओके लाह बाबा, सिक्स मन्थ्स ओन्ली," आणि मग माझ्या बायकोच्या खांद्यात तोंड खुपसलं. दादा कोरडेच. ट्रॉली ढकलत आत गेले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात काचेपलीकडे ते थांबले, ट्रॉली बाजूला लावली, वळले, आणि सगळ्या रांगेसमोर मला हात जोडून, वाकून नमस्कार केला.

माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा माणूस. असं करू नये माणसाने. मला त्यांचा भयंकर राग आला. तो अजून गेलेला नाही.