गोदाम धरून भागलेली वीज

साताऱ्याच्या शाखेत गेल्या गेल्या मी शाखाधिकाऱ्याला सगळ्यांदेखत झापलं. "एवढी वीज जाते कुठं? बँक चालवताय की कारखाना?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही वाचताय तो मीटर शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आहे." जिन्याखाली दोन मीटर शेजारी शेजारी होते आणि माझ्या चष्म्यावर पीठ बसलेलं. गिरणीवाला दारात येऊन म्हणाला, "आवं साहेब, वाचलाच हाय तर बिल बी भरून टाका की!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय सांगलीत, विश्रामबागेत, नवं कोरं बांधलेलं. मोठे साहेब कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी ठरवलं, आपल्या सगळ्या इमारतींची वीज मोजायची आणि एकमेकींशी ताडून बघायची. जळालेली वीज भागिले इमारतीचे चौरस फूट. ज्या शाखेचा आकडा मोठा, ती उधळी. फिरायचं काम माझ्याकडे आलं, कारण टेबलावर माझ्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

आटपाडीची शाखा म्हणजे एक खोली, वर पत्रा. दाराशी थंड पाण्याचा कूलर. मी गेलो तो पेन्शनचा दिवस. रिटायर फौजी, म्हाताऱ्या बायका, सगळी कुठून कुठून एसटीनं आलेली, रांग पार रस्त्यापर्यंत. मी मीटरचा आकडा उतरवून घेताना एक फौजी पेला भरत म्हणाला, "लिवा, लिवा. आमच्या गावात टँकर येईल तवा पानी. गार पानी फकस्त हितं. माझा बी एक पेला लिवा त्यात."

सांगलीत तक्ता झाला. सगळ्यात उधळी शाखा आटपाडी. सगळ्यात काटकसरी मुख्य कार्यालय! तिथं संचालकांच्या खोलीत एसी दिवसभर चालायचा, रिकाम्या खुर्च्यांना पंखे वारा घालायचे. मग काटकसर आली कुठून? तर चौरस फुटांत खालचं रिकामं गोदाम धरलेलं, गाड्या लावायची जागा धरलेली, वरचा अर्धवट मजलाही धरलेला. जिथं एक दिवा नाही, ती सगळी जागा भागायला घेतली होती.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, "साहेब, येणाऱ्या माणसांवर भागून बघू या."

"नियम सगळ्यांना एकच," साहेब म्हणाले. "आटपाडीचा कूलर काढा."

घरात माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, पण त्या दिवशी तो सुटला. "मग आटपाडीच्या मागचा माळही धरा! तिथंही दिवा नाही! मैलभर माळ आहे, तुमच्यापेक्षा काटकसरी ठरेल ती शाखा!"

साहेबांनी पुढचा विषय घेतला. माझा चहा तेवढा सांडला, तोही माझ्याच पँटवर.

पुढच्या आठवड्यात कूलर जीपमधून सांगलीत आला. मला वाटलं, अडगळीत जाईल. तर तो संचालकांच्या खोलीबाहेर लावला! तीच वीज आता चार कडक इस्त्रीच्या माणसांसाठी जळायला लागली, आणि मुख्य कार्यालयाचा आकडा जागचा हलेना. गोदामानं कूलरही गिळला. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की माझी कानशिलं तापतात. चोरी असती तर तक्रार करता आली असती. हा तर साधा भागाकार होता, आणि त्याचे आकडे मीच गावोगाव फिरून आणून दिले होते.

कूलर तिथं लागला त्या संध्याकाळी घरी येऊन पिशवी आपटली आणि बायकोला सगळं सांगितलं. माळाचं वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "मग ती माणसं आता पाणी कुठं पितात?"

"समोरच्या हॉटेलात. शाखाधिकाऱ्याचा फोन होता. चहा घेतला तरच गार पाणी देतात म्हणे."

"आणि त्या हॉटेलातला फ्रिज काय शेणीवर चालतो व्हय?" ती म्हणाली. "हे बी सांगा जाऊन तुमच्या सायबाला."